कोणीतरी नावाचा माणूस

फोन आला तेव्हा मी गच्चीवर मुगवड्या घालत होते. हात पिठाचे, म्हणून पहिल्यांदा वाजला तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पदरानं हात पुसून उचलला. पलीकडे एक अनोळखी मुलगी होती. "तुम्ही मॅडमच्या वहिनी ना? अमरावतीहून बोलतेय... दवाखान्यातून." तिच्या मागे स्ट्रेचरची चाकं वाजत होती, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. मुलगी थांबली, परत म्हणाली, "मॅडम..." आणि रडायला लागली. प्रमिलाताई, माझी मोठी नणंद, राजापेठेत भररस्त्यात छातीत कळ येऊन खाली बसली होती. दवाखान्यात पोचली, पण तिथून घरी आली नाही. मी तशीच पिठाच्या पदरानं खाली उतरले आणि दुकानात फोन लावला. माझ्या यजमानांचं, दिलीप यांचं, अकोल्यात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. कधी, कशानं, कुठल्या दवाखान्यात, यातलं काही विचारलं नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, "लोक होते का तिथं?"

या प्रश्नानं आमच्या घराची आयुष्यभर झोप उडवली होती. ताईच्या जाण्याला आता काही आठवडे होऊन गेलेत, तरी मलाही शांत बसवत नाही. भाजी निवडता निवडता उठते, दारापर्यंत जाते, परत येते. म्हणून लिहायला बसले आहे.

ताई अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावरही 'मॅडम' हे नाव तिला चिकटलेलं राहिलं. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आली की चहाचा कप हातात घेऊन घरभर फिरायची, बोलता बोलता कुणाच्या तरी गादीची चादर नीट करायची, खिडकीतून खाली पाहून विचारायची, "संध्या, तो समोरचा माणूस रोज तिथंच काहून थुंकते गं? विचारलं का कोनी त्याले?" तिच्यासोबत बाजारात जाणं म्हणजे संकट. भांडण दिसलं की थांबायची. भांडण सोडवायला म्हणून थांबत नसे, भांडण पाहणाऱ्यांना पाहायला थांबायची. वर्गात ती शुद्ध बोलायची, घरात मात्र वऱ्हाडी. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुमचं बोलणं जरा तोडून टाकल्यासारखं वाटतं. "मंग जोडून काय द्याचं होतं त्याले?" हे सांगताना ती खूप हसायची.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात या दोघा भावंडांचं घर. थोडी जमीन, त्यात भाजीपाला. वडील सायकलवर मेथी-पालकाचे गठ्ठे आणि वांग्याचं पोतं लादून बडनेऱ्याच्या बाजाराला यायचे. सुट्टीच्या दिवशी दिलीप मागे कॅरिअरवर. तेव्हा ते शाळेत होते, ताई बारावीला. एका सकाळी बडनेऱ्याच्या अलीकडे एका ट्रकनं सायकलला मागून धडक दिली आणि ट्रक निघून गेला. दिलीप मातीत फेकले गेले, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. वडील रस्त्याच्या कडेला पडले होते, शुद्धीत होते. बाजाराची वेळ. बघता बघता माणसांचं कडं झालं. सायकलवाले, बैलगाडीवाले, शाळेचे मास्तर, भाजीवाले... त्यातले काही तर वडिलांना ओळखणारे. आणि ते पोरगं त्या कड्याच्या आत उभं राहून ओरडत होतं, "कोनीतरी या नं... कोनीतरी धरा नं माह्या बाबाले..." कुणी म्हणालं, पोलीस येऊ द्या. कुणी म्हणालं, हलवू नका. कुणी चुकचुकलं. गाडी घेऊन यायला मात्र कुणी गेलं नाही. शेवटी उशिरा कधीतरी एक टेम्पो थांबला. दवाखान्यात डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर...

त्या 'तर'पाशी दोन्ही भावंडं दोन वाटांनी गेली. दिलीपना गर्दीचा तिटकारा बसला. आमच्या लग्नातसुद्धा ते मांडवात कमी आणि मागे जास्त होते. माणसं वाईट असतात, यावर त्यांचा विश्वास इतका पक्का, की त्या विश्वासावरच ते उभे होते म्हणा ना. ताईनं कॉलेजात मानसशास्त्र घेतलं ते केवळ त्या विषयाचा वर्ग दुपारी भरायचा आणि सकाळी तिला शेतात हात लावता यायचा म्हणून. पण तिथं एका पुस्तकात तिला ते पान सापडलं. एकटा माणूस पाहत असला तर तो धावून जाण्याची शक्यता जास्त, पाहणारे जितके वाढतात तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरं कोणीतरी करेल. शिवाय जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. दुसरा शांत दिसतो, कारण तोही पाहतोच आहे. मग याला वाटतं, एवढं काही गंभीर नसावं. ताई मला म्हणाली होती, "ते पान वाचून मले इतका राग आला, इतका राग आला का पुस्तक मी विहिरीत फेकनार होती. मले दुश्मन पायजे होता गं. आन् हे पुस्तक म्हने, तिथं दुश्मन नव्हताच."

पण तिनं पुस्तक फेकलं नाही. त्या पानाच्या मागे ती जन्मभर लागली. नोकरीला लागल्यावर राजापेठेत भाड्यानं खोली घेतली, कारण तिथं रोज काही ना काही घडायचं. शिकवणी सुटली की पोरांच्या गाड्या, दुकानांसमोरचे हातठेले, त्यात कुणाचा ना कुणाचा आरसा कुणाला लागलेला. तिचे विद्यार्थी एकदा म्हणाले, मॅडम, आपण खोटं पडून बघू, कोण उचलतं ते. ती म्हणाली, पडण्याचं नाटक माझ्यानं बघवणार नाही, दुसरं काय ते सांगा. मग तिनं स्वतःच एक रीत काढली. कुठं काही घडून गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती तिथं जायची आणि जे नुसते उभे होते त्यांना शोधून काढायची. पानठेलेवाला, झेरॉक्सवाला, बसची वाट पाहणारी बाई. त्यांच्याशी भांडायची नाही. एवढंच विचारायची, "तिथं उभे होते तवा मनात काय चाललं होतं तुमच्या?" सुरुवातीला माणसं तुटून पडायची, मॅडम आमाले फसवता का म्हणून. मग हळूहळू बोलायची. मला वाटलं फोन गेला असेल. मला त्यातलं काही समजत नाही, म्हटलं हात लावला आणि बिघडलं तर? पोलिसांचं लचांड मागे लागलं असतं. सगळेच उभे होते, मी एकटाच कसा पुढं जाऊ, लोक हसले असते... आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी सांगायचा की त्या रात्री झोप लागली नाही. ताई म्हणायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. ती माणसं दगड असती तर त्यांची झोप उडाली असती का?

हे नुसतं अपघातापुरतं नाही, हे तिनं मला आमच्याच गल्लीत दाखवलं. आमच्याकडे अकोल्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि कोपऱ्यावरची पाइपलाइन मात्र कित्येक दिवस फुटून वाहत होती. येता-जाता सगळे साड्या-विजारी वर धरून त्या पाण्यातून जायचे आणि नगरपालिकेला शिव्या द्यायचे. ताई सकाळच्या गाडीनं आली, ते पाहिलं आणि घरात न येता गल्लीतल्या दारादारात जाऊन विचारत सुटली, तक्रार केली का? प्रत्येक घरातून एकच उत्तर, केली असंल नं कोनीतरी! मीही तेच म्हटलं असतं. मग ती कुलकर्णी मास्तरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, फोन तुमी कराचा. आन् तुमी, अन्वरभाई, उद्या सकाळी आफिसात जाऊन याचं. दोघंच. बाकीच्यायनं काहीच नाई कराचं." दोघांनी केलं. पाइप दुरुस्त झाला. गल्ली तिच्यावर खूश, आणि तीही इतकी खूश, की तो आनंद तिनं तसाच जेवणाच्या पाटावर आणला.

मी तिच्यासाठी झुणका-भाकरी केली होती. दिलीप समोर बसले होते. भाकरी मोडता मोडता ती सांगत होती, "पाह्य दिलीप, गर्दीले हाक माराची नाई. 'कोनीतरी या' म्हटलं का कोनीच येत नाई. काहून का कोनीतरी नावाचा मानूस गर्दीत नसतेच! एकाकडं बोट कराचं, त्याले म्हनाचं, तू ये. मंग तो येते. आन् तो आला का..." ती थांबली. मलाही तेव्हाच समजलं. दिलीपनी हातातला घास ताटात ठेवला होता. "म्हंजे," ते अगदी हळू म्हणाले, "मले बोट कराले पायजे होतं." ताई म्हणाली, "अरे नाई... तसं नाई रे बापा..." ते उठले. हात धुतला. चपला घालून दुकानात निघून गेले. दारातून एवढंच म्हणाले, "त्या सगळ्याईले सोडून देल्लं तुह्या पुस्तकानं. एकटा मीच सापडलो."

त्यानंतर कित्येक वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेला ती यायची, ते पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे, ओवाळणी घालायचे आणि उठायचे. ती माझ्याशी मोजक्या शब्दांत बोलायची, घरभर फिरणं थांबलं होतं. एकदा मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले होते. गाडी लागली तरी ती चढेना. म्हणाली, "मी जगाले सांगत फिरते का गर्दीचा दोष नाई, तिले समजून घ्या. आन् माह्या भावाच्या कानात एवढंच गेलं का दोष त्याचा आहे. मंग माह्या शिकवन्याचा काय उपेग गं?" ती गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि लगेच उठून दुसऱ्या खिडकीशी गेली.

तिचं सगळं पार पडल्यावर दिलीप दुकानात बसेनात. वायंडिंगची मोटार खोलून ठेवायचे आणि तशीच टाकून बाहेर जायचे. एका सकाळी म्हणाले, "फोन करनाऱ्या त्या पोरीले भेटाचं आहे मले." मी घाबरले. ते तिला काय बोलतील, याचा भरवसा नव्हता. तरी फोन लावला. ती राजापेठेतल्या एका शिकवणीत वैद्यकीय प्रवेशाची तयारी करते, चिखलदऱ्याजवळच्या गावातली, इथं मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. रोशनी तिचं नाव. तिनं आम्हाला तिथंच बोलावलं, जिथं ताई बसली होती. एका बंद दुकानाच्या पायऱ्या, शेजारी ज्यूसवाला, समोर गाड्यांची रांग. रोशनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

दिलीपनी नमस्कारही केला नाही. "लोक होते?"

"होते, काका. खूप होते. आमचा क्लास सुटला होता."

"तू कुठं होती?"

"इथंच. या खांबाजवळ." ती खाली पाहू लागली. "मी पण नुसती उभीच होते, काका. आधी मी पण काही केलं नाही. मला वाटलं, फोन केला असेल कोणीतरी. सगळे मोठे लोक होते, मी काय..."

मी दिलीपचा हात धरला. आयुष्यभर ज्या कड्याला ते शिव्या देत आले, त्यातलं एक माणूस पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभं राहून बोलत होतं, आणि ती होती एक घाबरलेली पोर. "मंग?" ते म्हणाले.

"मॅडम पायरीवर बसल्या होत्या. घाम आला होता खूप. त्या म्हणाल्या, 'कोणीतरी या...' दोनदा म्हणाल्या. कुणी हललं नाही. मग त्या..."

"थांब," दिलीप म्हणाले. "काय म्हणे ती?"

"कोणीतरी या, म्हणाल्या."

"ताई म्हणे? ती सोता?"

"हो, काका. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. स्वतःवरच चिडल्यासारख्या झाल्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, 'तू. पिवळी ओढणी. तू ऑटो थांबव.' ज्यूसवाल्या दादांना म्हणाल्या, 'तू मले धर.' मग आम्ही धावलोच. सगळेच धावले. ऑटोत माझा हात धरून होत्या. माझं नाव विचारलं. गाव विचारलं. नंतर बोलल्या नाहीत."

ज्यूसवाला ठेल्यामागून आमच्याकडे पाहत होता. तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. दिलीप त्याच पायरीवर खाली बसले होते. "तिच्याई तोंडून आदी तेच निंघालं," ते म्हणत होते. "एवढी शिकली. एवढं शिकवलं लोकायले. तरी तिच्याई तोंडून आदी तेच निंघालं..." हे त्यांनी किती वेळा म्हटलं, कुणास ठाऊक. मग त्यांनी मान वर केली आणि रोशनीला विचारलं, "तुले झोप येते का, बेटा?" तिनं मान हलवली, नाही. ते म्हणाले, "येईन. तू गेली नं तिच्यासंगं. येईन." माझ्या नवऱ्याला मी इतक्या वर्षांत कुणाची समजूत घालताना पाहिलं नव्हतं.

पण म्हणून ते शांत झाले, असं मी लिहिणार नाही. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "मले अजूनही राग येते, संध्या. पन कोनाचा, तेच समजून नाई राहिलं." मलाही ते समजत नाही. ताई आधीच एकाकडे बोट करती, तर वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, झटका मोठा होता, फरक पडला नसता. माणसांच्या समाधानासाठी डॉक्टर असं म्हणतात की खरंच म्हणतात, याचा विचार मी अजूनही भाजी निवडताना करते.

पुढच्या रविवारी आम्ही तिचं घर आवरायला अमरावतीला गेलो. राजापेठेतली खोली सोडून बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं फ्लॅट घेतला होता, दिलीप तिथं पहिल्यांदाच येत होते. समोरच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही, भिंतीला टेकवून गुंडाळलेली एक मोठी सतरंजी तेवढी. आम्ही स्वयंपाकघरातली भांडी काढत होतो, तेवढ्यात दाराशी चपलांचा आवाज आला. शेजारच्या देशमुख काकू, त्यांच्यामागे दोन-तीन बायका, एक ऑटोवाला, कॉलेजची पोरं. आम्हाला पाहून सगळे दारातच अडखळले. "रविवार आहे नं," काकू म्हणाल्या. "सवयीनं पाय वळले, बापा. येऊ का नोको, काही समजत नव्हतं."

तेव्हा आम्हाला कळलं. दर रविवारी दुपारी ताई इथं सगळ्यांना जमवायची. सतरंजी अंथरायची, एकानं तिच्यावर निजायचं, बाकीच्यांनी भोवती उभं राहायचं. उभे राहणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं. मी फोन करते. मी गाडी आणतो. तुम्ही माणसं मागे सारा. रक्त, पट्ट्या, छाती दाबणं, ते सगळं नंतर. आधी बोलायला शिकायचं.

"आन् जो पडला असंल त्यानं?" दिलीपनी विचारलं. त्यांच्या हातात अजून पातेलं होतं. "त्यानं बोट कराचं का?"

"नाई, भाऊ," काकू म्हणाल्या. "सुरवातीले म्याई तेच विचारलं होतं. तर मॅडम चिडल्या माह्यावर. म्हने, ज्याच्यावर वेळ आली त्याच्याकून शहानपन नोका मागू. त्याले जसं येईन तसं तो ओरडन. शिकाचं ते उभ्या असलेल्यायनं. पडलेल्यानं काहीच नाई कराचं."

दिलीपनी पातेलं ओट्यावर ठेवलं. बाहेर आले आणि कुणी काही म्हणायच्या आत सतरंजीची गुंडाळी उलगडून ती अंथरली. ती वाकडी पडली, त्यांनी ती पुन्हा नीट केली. मग त्या सतरंजीवर ते आडवे झाले, हात दोन्ही बाजूंना, डोळे उघडे. माणसं जरा घोटाळली. मग सवयीनं त्यांच्याभोवती उभी राहिली, आणि दिलीप त्या कड्याच्या मधोमध निजलेले पाहून मला तिथून पळून जावंसं वाटलं. एवढ्यात ऑटोवाला म्हणाला, "मी गाडी काढतो." एक पोर म्हणाली, "फोन मी करते." कुणी खिडकी उघडली, कुणी बायकांना मागे सारलं. काकू गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी आपला तळहात दिलीपच्या डोक्याखाली सरकवला. आवाजावर आवाज चढत होते, आणि दिलीप छताकडे पाहत होते, तोंडातून एक शब्द नाही.

"झालं, भाऊ," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या. "उठा आता."

ते उठले नाहीत.

"थांबा जराशेक," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या असंच."